अजून मावते

गाडीच्या टपावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "अजून मावते, ताई." हे काकांचं ठरलेलं. पंपावर इतक्या गाड्या येतात, पण टप वाजवून पेट्रोल भरायला सांगणारा माणूस मी तो एकच पाहिला.

मी पुसदच्या बाहेर, महागावच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर काम करते. गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्या जिवावर येतं. "झिरो पाहा" एवढं म्हटलं की माझं काम भागतं, म्हणून तर ही नोकरी टिकली. बोलायचं नसलं की दिसतं मात्र पुष्कळ. तुम्हीही कधी पंपावर घटकाभर उभे राहून बघा. कुणी आकड्यांवर नजर ठेवून असतो, कुणी मोबाईलमध्ये असतो. काका वाकून टाकीच्या तोंडात बघायचे, आजारी माणसाचा घसा बघावा तसे.

काका एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी माणसं आत बसवण्यात गेली. "मागं सरका, अजून मावते" हे वाक्य त्यांनी पुसदपासून माहूरपर्यंत किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. रिटायर झाल्यावर माणसं गेली, वाक्य तेवढं घरी आलं. वाक्य बसून खाणारं नव्हतं. त्यांनी ते पेट्रोलच्या टाकीला लावलं.

पंपाचं असं असतं की टाकी भरली की नळी आपोआप टक् करून बंद होते. त्याला आम्ही कट म्हणतो. कट झाला की थांबायचं, हे मॅनेजरनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. का थांबायचं, ते शिकवलं नाही. मी काकांना म्हणायची, "काका, कट झाला."

"नळीच्या मनानं झाला. टाकीच्या मनानं कुठं झाला?"

मग ते मागं जाऊन डिकीवर दोन्ही हात ठेवायचे आणि गाडी गदागदा हलवायचे. "आत हवा बसली असते, ताई. घाटात एक गचका बसला की चार माणसांची जागा होते. आपण पाह्यलं आहे."

आणि खरंच, हलवल्यावर थोडं आणखी मावायचं. तेव्हा काका माझ्याकडे असं बघायचे, जणू एखाद्या म्हातारीला खिडकीची जागा मिळवून दिली.

गाडी सेकंड हॅन्ड होती, पांढरी, आणि ती घेतली होती काकूंसाठी. काकूंचे गुडघे गेलेले. एसटीच्या पहिल्या पायरीपर्यंत पाय उचलत नव्हता. मुलगी राजूरला दिलेली, तिकडे वणीजवळ. जावई कोळशाच्या खाणीत कामाला. मुलीला तिकडेच मुलगा झाला, तो रांगायला लागला, धरून उभा राहायला लागला, आणि काकूंनी तो फक्त मोबाईलवर पाहिला होता.

"साऱ्या तालुक्याले गाडीत चढवलं यायनं," काकू म्हणायच्या. "बायको तेवढी खाली राह्यली."

हे त्या गाडीत बसून, काच खाली करून, मला सांगायच्या. सांगायच्या मला, ऐकवायच्या काकांना.

गाडी घेतल्यावर ती दोघं पहिल्यांदा राजूरला निघाली तेव्हा आमच्याकडेच टाकी भरली. काकूंच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा. काकांनी टप वाजवला, गाडी हलवली. काकू आत डब्यासकट हलल्या. अगदी टाकीच्या गळ्यापर्यंत पेट्रोल आलं तेव्हा काका समाधानानं बसले. पंपाच्या फाटकाबाहेर गाडी दोनदा खोकली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि गेली.

थोड्या वेळानं परत आली. काकूंच्या नाकाला पदर, चेहरा पांढराफटक.

"अहो, टाकी मागं आहे का माह्या मांडीवर आहे?" त्या म्हणाल्या. "महागावही नाही आलं अन् मले दोनदा उतरा लागलं."

गाडीत पेट्रोलचा वास येत होता. लाडू आम्हीच खाल्ले. चांगले होते.

वासावर पुसदमध्ये सगळ्यांकडेच औषध निघालं. कुणी म्हणालं, लिंबू कापून ठेवा. कुणी कापूर सांगितला, कुणी ओव्याची पुरचुंडी. काकांनी सगळं एकदमच ठेवलं, कारण एकेक करून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वर मोगऱ्याच्या सेंटची बाटली. काकूंनी दार उघडलं, हुंगलं आणि बंद केलं. "आधी एक वास होता. आता त्याले सोबत झाली."

पंपाला लागूनच एक गॅरेज आहे. तिथला मिस्त्री बोलायला फटकळ, पण हाताचा स्वच्छ. काकांनी गाडी त्याच्याकडे नेली. समोर काचेखाली इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला होता. मिस्त्रीनं टाकीचं झाकण काढलं, त्याच्या रबराला चीर पडली होती. नवं झाकण बसवलं. दिवा गेला, वासही गेला. काका खूश होऊन थेट माझ्यापुढे येऊन उभे.

"ताई, आज फुल्ल. आनंदाची भरा."

आनंदाची म्हणजे कशी, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. दुसऱ्या दिवशी वास हजर.

मग मिस्त्रीनं गाडीखाली जाऊन एक नळी बदलली. वास गेला. काकांनी आनंदाची भरली. वास आला. मग इंजिनाजवळचा एक छोटा व्हॉल्व्ह बदलला. पुन्हा तेच. मिस्त्री वैतागला. तो गाडीला शिव्या द्यायचा, काका झाकण बनवणाऱ्या कंपनीला, काकू दोघांना. दुरुस्तीचा आनंद आणि बिघाड एकाच नळीतून येत होते, पण आनंदावर संशय कोण घेतो?

शेवटी उलगडा झाला तो मिस्त्री स्वतः आपल्या मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरायला आला म्हणून. रांगेत काकांच्या मागेच उभा होता. समोर काका डिकी धरून गाडी हलवत होते, आत काकू खांद्यापर्यंत हलत होत्या.

"ओ काका! काय करून राह्यले?"

"जागा करून राह्यलो."

"कायले?"

"अजून मावते नं."

मिस्त्रीनं मोटारसायकल स्टँडवर लावली आणि पंपाच्या कट्ट्यावर डोकं धरून बसला. मग म्हणाला, "काका, पेट्रोलची वाफ होते. ती बाहेर सोडाची नाही म्हणून गाडीखाली एक डबा असते, कोळशाचा. वाफ त्या डब्यात जाऊन बसते. इंजिन चाललं की व्हॉल्व्ह उघडते अन् इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकते. समजलं?"

"नाही."

मिस्त्रीनं एकदा आभाळाकडे पाहिलं. "बरं. डबा म्हणजे स्टँडावरचं शेड. वाफ म्हणजे पॅसेंजर. पॅसेंजर शेडमंधी बसते, गाडी लागली की चढते."

"आता बोलला कामाचं."

"तुमी शेडमंधी नाला सोडला, काका! वाफेच्या जागेवर पेट्रोलच ओतलं. शेड बुडालं. मंग पॅसेंजर कुठं जाईन?"

गाडीतून काकूंचा आवाज आला, "माह्या नाकात. विना तिकीट."

माझ्या हातात नळी होती म्हणून बरं, तिच्याकडे बघायच्या निमित्तानं हसू लपवता आलं.

डबा भिजून बाद झाला होता. नवा नागपूरहून येणार, आठवडाभर तरी लागणार, असं मिस्त्री म्हणाला. काकांनी जाता जाता विचारलं, "आत कोळसाच राहाते नं?"

"कोळसाच."

"कोणता?"

"कोळसा म्हणजे कोळसा, काका. आता मले जाऊ द्या."

इथं मिस्त्रीची चूक झाली. ज्याचा जावई खाणीत कामाला आहे, त्याला कोळशासाठी नागपूरची वाट बघायला सांगायचं म्हणजे काय? काकांनी राजूरला फोन लावला. जावयानं घरच्या शेगडीतला थैलीभर कोळसा एसटीच्या एका कंडक्टरच्या हाती पाठवून दिला. काकांच्या नावाला एसटीत अजून तेवढा मान होता. मग काकांनी घरी डबा सोडवला, करवतीच्या पात्यानं कापला, आतला भिजका भुगा टाकला, राजूरचा कोळसा हातोडीनं फोडून त्यात भरला आणि नळाच्या जोडाला लावतात तो मसाला लावून डबा बंद केला. कसा भरला असेल, ते मी सांगत नाही.

मग गाडी घेऊन पंपावर आले. टाकी रिकामी, काटा तळाला. सोबत काकू, पुन्हा लाडवांचा डबा. त्या खेपेला राजूर नक्की होतं. मुलीनं सांगितलं होतं की नातवानं पहिलं पाऊल टाकलं.

मी नळी घातली. घोटभर पेट्रोल गेलं असेल नसेल, टक्.

पुन्हा दाबली. टक्.

"काका, कट झाला."

"आत तर काहीच नाही!"

त्यांनी टप वाजवला. मी दाबली. टक्. त्यांनी गाडी हलवली. टक्. मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. एक पोरगा ओरडला, "काका, गाडी भरून राह्यले का बस?" काका घामानं भिजले होते. ते एकेक दार उघडून बंद करत होते, का ते त्यांनाही माहीत नसावं.

शेवटी मलाच बोलावं लागलं. "नाही मावत, काका."

सगळ्या नोकरीत त्यांना हे कुणी सांगितलं नसेल.

मिस्त्रीनं गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली, डबा खोलला आणि हातात काळा दगड घेऊन बाहेर आला. "हे काय हो?"

"राजूरचा आहे. अस्सल."

"अहो, हा शेगडीचा कोळसा! डब्यातला वेगळा राहाते, वास पिणारा, बारीक भोकाभोकाचा. अन् तुमी ठासून भरला. पेट्रोल आत याचं तर आतल्या हवेले बाहेर जाले वाट नको? दोन्हीकडून दार लावलं तुमी."

"मी विचारलं होतं तुले, कोणता म्हणून."

"अन् मले काय सपन पडलं होतं का, तुमचा जावई खाणीत आहे म्हणून!"

दोघांचं हे भांडण पुढे रोज चहाबरोबर चालायचं. पण त्या दिवशी काकू गाडीतून उतरल्या, दाराला धरून, एकेक पाय खाली टेकवत. "कोळसा राजूरहून पुसदले आला," त्या म्हणाल्या. "मी काही पुसदहून राजूरले पोचत नाही. मी नाही बसत आता हिच्यात. पोरगं मोठं होईन, कमावंन, मंग तेच येईन मले पाहाले." आणि ऑटो थांबवून घरी गेल्या. लाडवांचा डबा या खेपेला सोबत नेला.

त्यानंतर बरेच दिवस काका एकटेच यायचे. टप वाजवत नव्हते. नवा डबा नागपूरहून आला, मिस्त्रीनं बसवला, आणि बजावलं की कट झाला की नळी काढायची, गाडीला हात लावायचा नाही. वास गेला होता, निदान मिस्त्री तसं म्हणत होता. पण काकूंना ते सांगणार कोण? आतापर्यंत काकांचं ते चारदा सांगून झालं होतं.

म्हणून काकांनी पुरावा गोळा करायला घेतला. भर उन्हात, पंपाच्या कडेला, सगळ्या काचा लावून ते काकूंच्या सीटवर बसायचे. बाहेर यायचे तेव्हा उकडलेले असायचे.

"मले तर नाही येत वास. पण मले सवय झाली असंन. ताई, तुमी पाहा बरं."

मी डोकं आत घातलं. आता मी दिवसभर पंपावर असते. मला घरच्या भातालाही पेट्रोलचा वास येतो. मी काय सांगणार? मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला ठरवता आलं नाही.

मग त्यांनी गिऱ्हाइकांना धरलं. स्कूटीवरून आलेल्या एका मास्तरीणबाईंना म्हणाले, "ताई, जरा गाडीत बसून पाहता का? फक्त दोन मिनटं. काचा लावा लागतीन." त्या बाई पेट्रोल न भरताच निघून गेल्या. मॅनेजरनं काकांना ऑफिसात बोलावलं. बाहेर आले तेव्हा कान लाल झालेले. मला म्हणाले, "माणसं संशयी झाली, ताई. पह्यले असं नव्हतं."

आम्ही हसलो, पण मला आतून बरं वाटलं नाही. एका बाईच्या नाकासाठी हा माणूस सगळ्या गावाची नाकं मागत फिरत होता.

काकूंना ही बातमी कुणी दिली माहीत नाही. मॅनेजरच्या बायकोनं दिली असावी. एक दिवस त्या स्वतःच काकांबरोबर आल्या, ऑटोत. काकांची गाडी गॅरेजसमोर उभी होती. काकू म्हणाल्या, "आणा तुमचं ते. माह्या जिवंतपणी दुसऱ्या बायांना वास कायले घ्याले लावता?"

त्या पुढच्या सीटवर बसल्या, डावा पाय बाहेरच ठेवून. काकांनी बाकीच्या काचा लावल्या. काकू डोळे मिटून हुंगत होत्या. मिस्त्री पाना हातात घेऊन उभा. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं भरत होते, पण लक्ष सगळं त्या पायावर. पायात निळी स्लिपर होती. फार वेळ तो पाय तिथेच जमिनीवर होता.

मग काकूंनी दोन्ही हातांनी गुडघा धरला, उचलला आणि पाय आत घेतला.

"चला," त्या म्हणाल्या. "लाडू नाहीत. वाटेत पेढे घेऊ."

काका गाडी माझ्यापुढे घेऊन आले. कट झाला. त्यांचा हात टपावर गेला आणि तिथेच राहिला. आतून काकू म्हणाल्या, "भरली नं? बसा मंग." काका बसले. ती दोघं संध्याकाळी राजूरला पोचली. नातवानं काकूंना ओळखलं नाही, मोबाईलकडे बोट दाखवत राहिला, असं काका नंतर सांगत होते.

नंतर म्हणजे चार दिवसांनी. काका एकटेच परत आले होते.

"काकू?"

"येते म्हणे. पोरगं सोडत नाही."

पुढच्या खेपेला, "पोरगी कामाले जाते, पोराले कोण पाहीन?" त्याच्या पुढच्या खेपेला, "तिथं पायऱ्या नाहीत. घर खालीच आहे. तिले बरं वाटते." काका जायचे, आठवडाभर राहायचे, परत यायचे. शेजारची सीट येताना रिकामी. त्यांनी गाडी घेतली ती काकूंना नेऊन आणण्यासाठी. गाडीनं नेलं, आणलं नाही.

"गाडी नीट केली हेच चुकलं आपलं," मिस्त्री एकदा त्यांना चिडवायला म्हणाला.

काका हसले नाहीत. "वास राह्यला असता त घरी तरी असती," म्हणाले, आणि मग स्वतःच घाईनं, "नाही, तसं नाही. खूश आहे ती. फोनवर आवाज वेगळा येते तिचा."

एकटेपणात माणूस काय करतो, ते मला माहीत आहे. काका गॅरेजमध्ये बसायचे. काही बिघडलेलं नसताना मिस्त्रीला डबा तपासायला लावायचे. स्वयंपाक येत नव्हता. कधी माझ्या डब्यातली भाकरी मी न बोलता पुढे करायची, ते न बोलता अर्धी घ्यायचे. त्यांना तिथं जाऊन राहायचं नव्हतं. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे कसं, हे ते मिस्त्रीला पुन्हा पुन्हा विचारायचे. मिस्त्रीचं लग्न झालेलं नव्हतं.

शेवटचे ते आले ते सकाळी. गाडी मागून खिडक्यांपर्यंत भरलेली. गाद्या, पितळी डबे, टेबलफॅन, एसटीची जुनी पत्र्याची पेटी. घर भाड्यानं दिलं होतं.

"राजूरलेच चाललो, ताई. तिनं सांगतलं, तुमी तिकडं उपाशी मरता अन् मले इकडं घास गोड लागत नाही. आता काय बोलाव?"

मी नळी घातली. बाजूनं पाहिलं तर पुढच्या सीटवर काकूंचा पाटा होता, चांगला जाड, वर वरवंटा, आणि त्या दोघांना सीटचा पट्टा लावलेला.

मी पाटा बघतेय हे त्यांनी पाहिलं. "मिक्सरची चटणी तिले चालत नाही. अन् याले पट्टा नाही लावला त गाडी कुईकुई करते. तिले वाटते माणूस बसलं आहे."

मला बोलायचं होतं. सांभाळून जा, काकूंना सांगा, असं काहीतरी. कट झाला, मी नळी काढली, झाकण घट्ट लावलं, आणि तेवढंच.

मिस्त्रीनं गॅरेजमधून हात केला. काकांनी गाडी सुरू केली. आमच्या फाटकाबाहेर एक गतिरोधक आहे, सगळे तिथं आदळतात. काकांनी गाडी अगदी हळू केली आणि गतिरोधकावर चढताना डावा हात बाजूला नेऊन पाट्यावर ठेवला.